चोर्ल्याच्या रस्त्यासाठी गाडी शोधताना

मी गोव्यात साखळीला राहतो आणि सासरवाडी बेळगावला. सासऱ्यांची तब्येत दोन वर्षं बरी नाही, मेव्हणा तिथं एकटा पडतो, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी मी आणि बायको चोर्ला घाटातून जाऊन येतो. साखळी, केरी, अंजुणे धरणाच्या बाजूने वर घाट, सुर्ला, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी आणि मग बेळगाव. अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सांगायला काहीच नाही. पण पावसाळा संपता संपता त्या रस्त्याची जी अवस्था असते ती ज्याने बघितलीय त्यालाच कळेल, खड्डा चुकवायला जागाच नसते, एक चुकवला की दुसऱ्यात जायचं. त्यात घाटात धुकं, कडेला शेवाळ आणि वळणावर समोरून येणारा ट्रक.

माझ्याकडे दहा वर्षं १५० सीसीची साधी मोटारसायकल होती. मायलेज चांगलं, कधी बंद पडली नाही, तिच्याबद्दल मला आजही प्रेम आहे. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये बेळगावहून परत येताना कणकुंबीला चहासाठी थांबलो आणि मला गाडीवरून उतरताच येईना. उजवा पाय उचलून सीटवरून काढायचा तर कमरेतून अशी कळ गेली की बायकोने धरलं म्हणून उभा राहिलो. मग एक्सरे, एमआरआय, आणि एल-४ एल-५ मधली गादी थोडी सरकलीय असं निदान. डॉक्टर समजूतदार होते. गाडी सोडा असं काही म्हणाले नाहीत, फक्त एवढं सांगितलं की ताठ बसून खड्ड्यात गाडी घातली की तो सगळा दणका माकडहाडातून सरळ मणक्यात जातो, तेव्हा सहा आठवडे आराम, व्यायाम, आणि त्यानंतर चालवायचीच असेल तर गाडी बदला नाहीतर रस्ता बदला. रस्ता बदलून अनमोडवरून जायचं म्हणजे मला वळसा पडतो आणि सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं असलं की वेळ महत्त्वाचा असतो. म्हणून गाडी बदलायचं ठरलं.

आरामदायी गाडी म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं आलं ते रुंद, मऊ, सोफ्यासारखी सीट. बहुतेकांच्या डोक्यात हेच येत असणार. पर्वरीला एका शोरूममध्ये क्रूझर प्रकारातली गाडी बघितली, खाली सीट, पाय पुढे सोडून बसायचं, हँडल अगदी हातात येतं. दोन किलोमीटरची टेस्ट राइड मिळाली ती पण हायवेच्या गुळगुळीत पट्ट्यावर. मी तर घ्यायलाच निघालो होतो. बायको म्हणाली, अहो, आपला रस्ता हा नव्हे की, आधी कुणाची तरी मागून घाटात नेऊन बघा. नशीब तिचं ऐकलं. ऑफिसातल्या एका मित्राकडे तसलीच गाडी होती, त्याने एका रविवारी दिली आणि मी एकटाच जांबोटीपर्यंत जाऊन आलो. केरीपर्यंत स्वर्ग. घाटात पण ठीक. सुर्ल्याच्या पुढे खड्डे लागले आणि पंधरा मिनिटांत कंबर बोलायला लागली.

का ते मला नंतर समजलं. पाय पुढे असले की खड्डा आल्यावर तुम्ही उठूच शकत नाही, वजन सगळं ढुंगणावर. त्यात अशा गाड्यांना सीट खाली ठेवायची म्हणून मागच्या शॉकला, म्हणजे शॉक-अ‍ॅब्सॉर्बरला, वर-खाली व्हायला जागा थोडी, मोठा खड्डा आला की शॉक तळाला जाऊन ठोकतो. म्हणजे सरळ हायवेवर हजार किलोमीटर मारायला जी गाडी उत्तम, तीच आपल्या पाऊणशे किलोमीटरला त्रास देते. गाडी वाईट नव्हती, तिचं काम वेगळं होतं.

ह्याच दरम्यान एकदा पणजीला बस स्टँडवर एका पायलटशी बोलणं झालं. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे मोटारसायकलवरून भाड्याने माणसं नेणाऱ्याला पायलट म्हणतात, पिवळ्या मडगार्डची गाडी असते. ह्या माणसाचं वय साठीच्या आसपास, तीस वर्षं दिवसभर गाडीवर. मी सरळ विचारलं की तुमची कंबर दुखत नाही का. त्याने सांगितलं की दुखायची, मग सवय बदलली. "खड्डो आयलो की मातसो उठ," एवढंच त्याचं म्हणणं. म्हणजे सीटला चिकटून बसू नको, जरा उठ. आणि शॉक दर दोन वर्षांनी बदलायचे, हवा रोज नाही तरी आठवड्याला स्वतः बघायची. मी माझ्या गाडीचे शॉक दहा वर्षांत एकदाही बदलले नव्हते. डिचोलीच्या माझ्या मेकॅनिकला दाखवली तर तो मागून दाबून बघून म्हणाला, "गाडी बरी आसा, पूण शॉक गेला." एकदा दाबली तर होडीसारखी तीनदा वर-खाली झाली. चांगला शॉक दाबला की खाली जातो, वर येतो आणि थांबतो. त्या थांबण्याला डॅम्पिंग म्हणतात आणि ते आतल्या तेलामुळे होतं, स्प्रिंगमुळे नाही, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

तिथून मी ह्या विषयाच्या मागेच लागलो. रात्री जेवणं झाली की कंपन्यांचे आकडे घेऊन बसायचो. हॉर्सपॉवर बघायचं सोडून दिलं आणि तीन-चार गोष्टी बघायला लागलो. एक म्हणजे सस्पेन्शन ट्रॅव्हल, चाक किती मिलिमीटर वर-खाली होऊ शकतं ते. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ चं पुढे २०० आणि मागे १८०. नवीन हिमालयन ४५० चं दोन्हीकडे २००. हिरोच्या एक्सपल्स २०० फोर-व्हीचं १९० आणि १७०. दुसरं म्हणजे पुढच्या चाकाचा आकार, कारण चाक मोठं असलं की खड्ड्याची कड त्याला जरा तिरपी लागते आणि चाक त्यावरून चढून जातं, लहान चाक आत पडतं आणि आपटतं. ह्या तिन्ही गाड्यांना पुढे २१ इंचाचं चाक आहे, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि जुन्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरला १९. तिसरं म्हणजे पाय ठेवायचे फूटपेग कुठे आहेत, पाय आपल्या खाली येतात की पुढे, कारण उभं राहता आलं पाहिजे. आणि चौथं सीटची उंची. ह्या चौथ्या गोष्टीने माझी झोप उडवली, कारण माझी उंची पाच फूट पाच इंच.

ट्रॅव्हल जास्त हवं तर गाडी उंच होणारच, ह्याला इलाज नाही. एक्सपल्स ८२५ मिमी, हिमालयन ४५० पण खालच्या सेटिंगला ८२५, व्ही-स्ट्रॉम ८३५, केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर ८५५. हिमालयन ४११ मात्र ८००. २०२३ च्या नोव्हेंबरात वागातोरला रॉयल एनफिल्डच्या मोटोव्हर्स मेळाव्यात ४५० ची किंमत जाहीर झाली तेव्हा मी तिथं गर्दीत होतो, गाडीवर बसून पण बघितलेलं, तेव्हा दोन्ही पायांचे चवडे कसेबसे टेकत होते हे मला चांगलं आठवत होतं. एकट्याचं ठीक आहे, एक पाय टेकला तरी चालतं. पण मागे बायको, तिच्यामागे बॅग, आणि घाटात लाल मातीच्या चिखलात उतारावर थांबायची वेळ आली तर चवड्यावर दोनशे किलोची गाडी धरणं मला जमणार नाही हे मी मान्य केलं.

शोरूमच्या टेस्ट राइडचा आता भरवसा वाटत नव्हता. एका ठिकाणी तर सेल्समन मागे बसूनच आला आणि पुढच्या सर्कलवरून परत फिरवा म्हणाला. मग एक दिवस कळंगुटला जाताना ट्रॅफिकमध्ये उभा असताना समोर काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची हिमालयन दिसली आणि मला एकदम सुचलं की अरे, आपण गोव्यात राहतो, इथं तर हव्या त्या गाड्या दिवसाच्या भाड्याने मिळतात! पर्यटक घेतात, आपण का नाही. आपल्याच गावात भाड्याने गाडी घ्यायची हा विचार आपल्याला शिवत नाही, पण मला हे सगळ्यात उपयोगी पडलं. ज्यांना गाडी ठरवायची आहे त्या गोव्यातल्या प्रत्येकाला मी आता हेच सांगतो. चार दिवसांचं भाडं साधारण पाच हजार गेलं, पण लाखांचा निर्णय होता.

मालकाने गोव्याच्या बाहेर न्यायची नाही असं बजावलं होतं, त्यामुळे साखळी ते सुर्ला आणि परत, मग तसंच वाळपईच्या बाजूला आतल्या रस्त्यांनी फिरून, असा दीड-दोन तासांचा एक फेरा ठरवला. प्रत्येक गाडीला तोच फेरा, तीच बॅग, मागे बायको. पहिला अर्धा तास कुठलीही गाडी छानच वाटते म्हणून अर्ध्या तासाचं मत धरायचंच नाही असं आमचं ठरलं होतं. दोन तासांनी घरी आल्यावर दोघांनी न बोलता वेगवेगळ्या कागदावर लिहायचं, कुठे दुखतंय, हाताला मुंग्या आहेत का, मान कशी आहे, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर परत लिहायचं. सकाळचा कागद जास्त खरा असतो, कारण कंबर रात्रीतून धरते.

एक्सपल्स मला फार आवडली. १६० किलोच्या आतली गाडी, खड्ड्यांत अशी नाचत जाते की वाटतं आपण वीस वर्षांचे झालो. एकटा असतो तर तीच घेतली असती. पण आम्ही दोघं मिळून १३५ किलो, वर बॅग, आणि २०० सीसीचं इंजिन, घाटात सारखं खालच्या गिअरला यावं लागत होतं. व्ही-स्ट्रॉम फोंड्याच्या एका मित्राची मिळाली. इंजिन अगदी रेशमासारखं, चाकं ट्यूबलेस आणि ह्या ट्यूबलेसचा मोह मला फार झाला, कारण चोर्ल्याला मध्येच पंक्चर झालं तर मैलोन्‌मैल दुकान नाही. चांगल्या रस्त्यावर हिच्यावरून मी पुण्याला सहज जाईन. पण ट्रॅव्हल हिमालयनपेक्षा बरंच कमी आहे आणि ते आमच्या फेऱ्यात बायकोला जाणवलं. तिच्या कागदावर एकच वाक्य होतं, मागं बसून पुढचं काही दिसत नाही, खड्डा आला की थेट बसतोय.

हे वाक्य वाचून मी जरा हललोच. तोपर्यंत सगळा विचार माझ्या कंबरेचा चालला होता. चालवणारा उभा राहू शकतो, त्याला खड्डा दिसतो, तो अंग तयार ठेवतो. मागच्या माणसाकडे ह्यातलं काहीच नसतं, शिवाय तो बसलेला असतो मागच्या चाकाच्या जवळजवळ वरच, जिथं दणका सगळ्यात जास्त. म्हणजे मागच्या माणसाला वाचवायला मागचा शॉक आणि सीट एवढंच. तेव्हापासून तिच्या कागदाला माझ्यापेक्षा जास्त मार्क द्यायचे असं ठरवलं.

हिमालयन ४५० चा कागद दोघांचाही सगळ्यात चांगला आला, हे प्रामाणिकपणे सांगतो. ४० हॉर्सपॉवर, दोघं असून घाट कधी चढला कळलं नाही. पण दोनदा उतारावर थांबताना माझा पाय घसरता घसरता राहिला. बुटक्या सीटचा पर्याय मिळतो, पण आणखी एक गोष्ट मध्ये आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर २८ वरून १८ टक्के झाला आणि त्याच्यावरच्या गाड्यांवर सरसकट ४०. म्हणजे जी आम्हाला हवी होती ती महागली आणि जी नको होती ती स्वस्त झाली. दोन रात्री मी परत त्या ३५० च्या क्रूझरचे आकडे मांडत बसलो होतो, इतका फरक पडत होता. मग कणकुंबीला गाडीवरून उतरता न आलेला तो प्रसंग आठवला आणि वही बंद केली.

राहिली हिमालयन ४११. नवीन मिळत नाही, ४५० आल्यावर बंद झाली, म्हणजे जुनीच घ्यायची. साधारण २४ हॉर्सपॉवर आणि वजन २०० ला एक किलो कमी, म्हणजे आकड्यात बघितलं तर जड आणि संथ. पण आमच्या रस्त्याला ताशी पन्नासच्या वर जायला मिळतंय कुठे? खालच्या आरपीएमला ओढ चांगली, थर्ड गिअरला टाकली की घाटात ट्रॅक्टरसारखी चढत राहते. सीट ८०० मिमी, माझे पाय टेकतात. भाड्याची घेऊन फेरा मारला, सकाळच्या कागदावर माझं "ठीक" आणि तिचं "चांगली". ठरलं.

जुनी शोधायला दीड महिना गेला. कर्नाटक किंवा महाराष्ट्र पासिंगची थोडी स्वस्त मिळत होती, पण फॉर्म २८ ची एनओसी, परत इथला टॅक्स, सगळं धरलं तर फायदा राहत नव्हता, म्हणून गोवा पासिंगच बघायची ठरवलं. जीए-०३ म्हणजे म्हापशाची २०२१ ची मिळाली. मेकॅनिकला सोबत घेऊन गेलो आणि तो जे बघत होता ते मी शेजारी उभा राहून शिकत होतो. गाडी मेन स्टँडला लावून पुढचं चाक उचललं आणि हँडल हळू हळू दोन्हीकडे फिरवलं, मध्ये कुठे अडकतं का, अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकच्या, नळ्यांवरून बोट फिरवलं, तेल लागलं की सील गळतंय. चाकाच्या एकेका स्पोकवर पान्याने हलकेच वाजवून बघितलं, सैल स्पोकचा आवाज भदभदीत येतो. रिमला एक बारीकसा बाक होता, त्याचे आणि चेन-स्प्रॉकेटचे मिळून पैसे कमी करून घेतले. फॉर्म २९, ३० भरून नाव चढायला पुढे थोडे दिवस लागले, ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि खरी गोष्ट आता सांगतो. गाडी घरी आणली, पहिल्याच फेरीला बेळगावला गेलो आणि कंबर दुखली! मला रडायलाच आलं. एवढं सगळं करून, एवढा खर्च करून. मेव्हण्याने गाडीभोवती फेरी मारली, हलवून बघितली आणि म्हणाला, "दाजी, गाडी चांगली आहे खरं मागून लई बसत्या की हो." म्हणजे आम्ही दोघं बसलो की मागून फारच खाली जात होती.

परत येऊन मी सॅग, म्हणजे वजनाने गाडी किती बसते ते, मोजला. ही गोष्ट प्रत्येकाने करावी, टेप आणि एक माणूस एवढंच लागतं. मेन स्टँडला लावून मागचं चाक अधांतरी असताना चाकाच्या अ‍ॅक्सलपासून वर कॅरियरच्या एका बोल्टपर्यंत मोजायचं. मग गाडी खाली घेऊन, रायडिंगचे कपडे, हेल्मेट सगळं घालून बसायचं आणि परत तेवढंच मोजायचं. दोन्हीतला फरक म्हणजे तुमच्या वजनाने शॉक किती आधीच दबला. साधारण ट्रॅव्हलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असावा, म्हणजे १८० ला ६० मिमी. माझा एकट्याचाच ८२ आला. दोघं बसलो तर ११५! म्हणजे खड्डा यायच्या आधीच निम्म्याहून जास्त जागा संपलेली, मग तो तळाला ठोकणार नाही तर काय करणार.

मागच्या शॉकच्या स्प्रिंगवर एक कडं असतं, ते पान्याने फिरवून प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवायचा असतो. आधीच्या मालकाने ते सगळ्यात सैल ठेवलेलं. माझी समजूत अशी की प्रीलोड वाढवला की गाडी कडक होते आणि जास्त आपटते, म्हणून मी पण हात लावला नव्हता. पण स्प्रिंग तीच राहते, तिचा कडकपणा बदलत नाही, फक्त ती वरून सुरू होते आणि खाली जायला जागा मिळते. कडं घट्ट केल्यावर गाडी मऊ वाटायला लागली हे मला पहिल्यांदा खरंच वाटेना. दोन खाचा वाढवल्यावर माझा एकट्याचा ६२ आला, दोघांसाठी आणखी दोन. कुठली खाच कशासाठी ते कागदावर लिहून साइड पॅनलच्या आतून चिकटवून ठेवलंय.

टायरमध्ये पण पंपावरच्या पोराने डोळे झाकून ४० भरलेली निघाली, ती कंपनीच्या आकड्यावर आणली. हवा जास्त असली की टायर स्वतः दबत नाही आणि बारीक खडीचा सगळा थरथराट वर येतो. आता गेज घरीच घेतलाय. सीट राहिली होती, ती म्हापशाला एका सीटवाल्याकडून मागचा भाग उघडून आत रीबॉन्ड फोमचा थर घालून घेतला. मऊ नाही, घट्ट. मऊ फोम अर्ध्या तासात दबून जातो आणि मग खालच्या पत्र्यावर बसल्यासारखं होतं.

आणि पायलटने सांगितलेलं ते उठणं. गुडघ्याने टाकी धरायची, पेगवर वजन द्यायचं, सीटवरून चार बोटं वर, पूर्ण उभं राहायची पण गरज नसते. माझ्या मांड्यांना सवय व्हायला महिना लागला. मी "आला" म्हणतो आणि मागे बायको कॅरियर धरून पायांवर भार घेते, आता तर ती माझ्या खांद्याच्या हालचालीवरूनच ओळखते. गेल्या चार फेऱ्यांत जांबोटीला थांबल्यावर मी स्वतःच्या पायाने उतरलो, दर तासाला थांबून पाच मिनिटं चालायचं हे मात्र डॉक्टरांनी सांगितलेलं सोडलेलं नाही.

पुढच्या फोर्कचं तेल अजून जुनंच आहे, ब्रेक मारला की नाक जास्त खाली जातं. ते आणि ट्यूबचं एक स्पेअर, हवेचा छोटा पंप, एवढं चवथीच्या आधी करून घ्यायचं आहे, कारण चवथीला सासऱ्यांना घरी आणायचं ठरतंय, ते येतील मेव्हण्याच्या कारमधून आणि आम्ही पुढे गाडीवर, सुर्ल्याच्या वरून माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांना, काय काय मिळतंय ते घेत घेत.